कान वाहतो म्हणून कोण डॉक्टरकडे जातं?

आमच्याकडे दाढ ठणकली तर माणूस रजा टाकतो, ताप आला तर इंजेक्शन मागून घेतो. कान मात्र वर्षानुवर्षं वाहत असला तरी कापसाचा बोळा घालतो आणि कामाला लागतो. वेंगुर्ल्यापासून मालवण-देवगडपर्यंत कुठल्याही वाडीत विचारून बघा, "ल्हानपणापासून फुटता माझो कान" असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. सांगताना तक्रारीचा सूरही नसतो. कान वाहणं हा त्या माणसाचा स्वभावच ठरून गेलेला असतो.

मला हे आता ऐकवत नाही. वाहणारा कान आतल्या आत ऐकणं खात असतो आणि काही जणांच्या बाबतीत हाडसुद्धा. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली. वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी त्याआधी कळावं, एवढ्यासाठी लिहितेय.

माझा उजवा कान फुटला तेव्हा मी सातवीत होते. माहेर शिरोड्याच्या अलीकडे. मे महिन्यात नदीच्या कोंडीत डुंबणं, त्यातच भरघोस सर्दी, आणि मग एका रात्री कान असा ठणकायला लागला की आईने रात्रभर मांडीवर डोकं घेतलं. पहाटे उशीवर पिवळा डाग पडला आणि दुखणं थांबलं. घरच्यांच्या हिशेबी आजार तिथे संपला. पू बाहेर पडला की पडद्यावरचा दाब उतरतो, म्हणून ठणका थांबतो. बहुतेकांचा फाटलेला पडदा पुढे आपसूक जुळून येतो. माझा जुळला नाही.

सगळ्यांनी खापर कोंडीच्या पाण्यावर फोडलं. पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी त्याच्या आत शिरतच नाही. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीकडे, एक बारीक नळी जाते, सर्दीतले जंतू तिथून वर चढतात. भोक पडल्यावर मात्र दोन्ही वाटा उघड्या राहतात. नाकातली सर्दीही कानात उतरते आणि डोक्यावरून घेतलेलं पाणीही. म्हणून माझं वर्षाचं वेळापत्रक ठरून गेलं होतं. मिरग लागला की कान सुरू, गणपतीत जोरात, दिवाळीच्या सुमारास कोरडा. आजी खोबरेल तेलात लसणीच्या पाकळ्या तळून ते कोमट तेल कानात सोडायची. तिचा हात मायेचा होता, त्याबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतु नाही. पण भोक पडलेल्या पडद्यातून तेल सरळ मधल्या कानात उतरतं आणि तिथे ओल धरून बसतं.

कान कोरडा पडला की सगळेच विसरतात. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. कोरडा म्हणजे बरा, असं आपण धरून चालतो. भोक तसंच असतं. वाहणं थांबलेल्या महिन्यांतही ऐकणं कमीच असतं, फक्त त्या महिन्यांत त्याची आठवण करून द्यायला कापूस नसतो.

मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. समोर काच, काचेला खाली हात जाईल एवढी फट, आणि पलीकडून बोलणारा माणूस मान वर करून बोलतो की खाली घालून, यावर माझं ऐकणं अवलंबून. ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’, शब्दाचा शेवट हातीच लागायचा नाही. स्लिपवर आकडा असतो म्हणून निभावतं. पण संध्याकाळी पिग्मी एजंट भरणा करायला येतात तेव्हा घाईत चार जण एकदम तोंडी आकडे सांगतात, पंखा डोक्यावर घरघरत असतो, आणि मला प्रत्येकाला "परत सांगा" म्हणावं लागायचं. मी खुर्ची तिरकी लावून घेतली, डावा कान खिडकीकडे. पंगतीत कुठल्या टोकाला बसायचं, रिक्षात कुठल्या बाजूला, मैत्रिणीबरोबर बंदरावर चालताना तिच्या उजवीकडे की डावीकडे, सगळं मनात पक्कं असायचं. लोकांना वाटायचं, हिला जागा निवडून लागते.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. दिशा ओळखायला दोन्ही कानांना आवाज पोचावा लागतो. घरात मुलीने हाक मारली की मी आधी माजघरात जायची, मग पडवीत, आणि ती मागच्या दारी असायची. रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की दचकून नेमकं चुकीच्या बाजूला सरकणं, हे तर रोजचंच.

आणखी एक. मुलगी म्हणायची, "आई, तू इतकं हळू का बोलतेस? काउंटरवर तरी ऐकू जातं का कुणाला?" कमी ऐकणारा माणूस ओरडून बोलतो असा आपला समज. ऐकण्याची नस कमजोर झालेल्या बहिरेपणात तसं होतं. पण पडदा किंवा त्यामागची हाडं बिघडलेली असतील तर स्वतःचा आवाज कवटीच्या हाडातून आत मोठा घुमतो, बाहेरचा गोंगाट मात्र कमी पोचतो, म्हणून माणूस उलट आवाज खाली आणतो. मुलीला जे खटकत होतं ती आजाराचीच खूण होती, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

वासाबद्दल कुणी लिहीत नाही. लिहायला हवं. वाहत्या कानाला वास येतो, आणि तो आपल्यालाच आधी येतो. हळदीकुंकवाला गेलं की मी अत्तराचा फाया मागून घ्यायची आणि तो उजव्या कानात ठेवायची. बायका म्हणायच्या, हिला अत्तराची भारी हौस. नणंदेच्या लग्नात वरमाईच्या रांगेत फोटोला उभं राहताना मी मुद्दाम उजव्या टोकाला गेले, त्या बाजूला कुणी चिकटून उभं राहू नये म्हणून. इतकी वर्षं असं जगणाऱ्या बायका मी ओळखते. त्या कान दाखवायला जात नाहीत याचं निम्मं कारण ही लाज आहे. डॉक्टर मात्र रोज हेच बघतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

मी कुडाळला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले ती मुलीच्या हट्टामुळे. त्यांनी आधी कान साफ केला. बारीक नळीने आतला पू ओढून घेतात. दुखत नाही म्हटलं तरी चालेल, पण आवाज केवढा! घोंगावणारं वादळच कानात शिरतं, आणि क्षणभर खोली फिरते. गार हवा आतपर्यंत पोचली की तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवते, म्हणून चक्कर येते. मग छोट्या कॅमेऱ्याने पडदा स्क्रीनवर दाखवला. मोत्याच्या रंगाचं पातळ कातडं, मधोमध वालाच्या दाण्याच्या आकाराची मोकळी जागा, आणि तिच्यातून आतली गुलाबी ओली भिंत दिसत होती. पडदा असतोच केवढा, जेमतेम एक सेंटीमीटरचा, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याला जोडलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं शाळेत पाठ केली होती. पडदा आणि ही साखळी मिळून आवाजाचा दाब साधारण बावीस पटीने वाढवून आत पोचवतात. पडद्यालाच भोक असेल तर ही वाढ घटते. हाडांची साखळी तुटली तर आणखी घटते.

नंतर डॉक्टरांनी चिमट्याच्या आकाराचा लोखंडी काटा टेबलाच्या कडेवर आपटला, तो घुमायला लागला. कानासमोर धरला, मला पुसट ऐकू आला. कानामागच्या हाडावर टेकवला, तर चक्क मोठा! मग कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठे येतोय? उजवीकडे, बिघडलेल्या कानात. मी दोनदा खात्री करून घेतली. चांगल्या कानाला बाहेरचे आवाज झाकोळतात, बिघडलेल्या कानापर्यंत ते पोचतच नाहीत, त्यामुळे हाडातून आलेला आवाज तिथे जास्त स्पष्ट लागतो. या साध्या काट्याने डॉक्टरांना दोन मिनिटांत कळलं की माझी नस शाबूत आहे आणि बिघाड पोचवण्याच्या वाटेवर आहे. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून, ऐकू आलं की बटण दाबायचं, त्या तपासणीत हेच आकड्यांत उतरलं. हवेतून ऐकू येणं ४५ डेसिबलवर, हाडातून १० वर. आकडा जेवढा कमी तेवढं ऐकणं चांगलं. मधला फरक म्हणजे ऑपरेशनने परत मिळू शकणारं ऐकणं. तो कागद मी फ्रेम करून ठेवावा इतका मला प्रिय आहे. आजवर मी स्वतःला "थोडी बहिरी" म्हणत आले होते, आता मला नेमकं काय गेलंय आणि काय उरलंय ते माहीत होतं.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते सांगते. सगळे वाहते कान एका जातीचे नसतात. माझ्या कानातून भरपूर, चिकट, तार सुटणारा स्राव यायचा, सर्दी झाली की वाढायचा. हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात स्राव अगदी थोडा असतो, कधी नुसती खपली, कधी रक्ताचा अंश, पण वास कुजका, कितीही साफ केलं तरी न जाणारा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून कातडी आत ओढली जाते, तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखी थरावर थर साचत राहते आणि भोवतालचं हाड कुरतडते. डॉक्टर त्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात. ती गाठ कर्करोगाची नसते, पण थेंबांनी जात नाही, ऑपरेशनच करावं लागतं. आणि गंमत पाहा, थोडंच वाहतंय म्हणून याच माणसाला घरात कुणी आजारी धरत नाही.

माझा आतेभाऊ ट्रॉलरवर खलाशी. त्याचा डावा कान असाच, वाहायचा कमी, वास जास्त. कोंबडीच्या पिसाने कोरायचा, वर फिनेलवाल्या हातांनी कापूस कोंबायचा. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं, डावा डोळा मिटेना. घरचे म्हणाले, तोंडावरनं वारं गेलं. मालीश सुरू झालं. चेहऱ्याची नस कानाच्या हाडातून जाते हे कुणाला माहीत! शेजारच्या एका नर्सबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ह्या बाजूचो कान व्हावता काय?" म्हणून तो वेळेत बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचला. सीटी स्कॅनमध्ये कानामागचं हाड पोखरलेलं दिसलं, ऑपरेशन झालं. चेहरा पुष्कळसा सरळ झाला. ऐकणं त्या कानाचं जवळपास गेलं, आणि आत जी पोकळी राहिली ती ठराविक दिवसांनी साफ करून घ्यावी लागते. पण माणूस वाचला. हाच पू वर मेंदूकडे सरकला असता तर मी हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं.

तेव्हा वाहत्या कानाबरोबर चेहरा वाकडा होणं, गरगरणं, कानामागे सूज, ताप येऊन जबर डोकेदुखी किंवा मान ताठणं, यांतलं काहीही झालं तर सोमवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान वाहत असेल आणि रात्री झोपू देणार नाही असा ठणका असेल तर तेही तातडीचंच. आणि कान न वाहता, न दुखता एकाएकी एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. ती नस वाचवायला पहिले थोडेच दिवस हाताशी असतात.

थेंबांबद्दल. आमच्या बाजारात मेडिकलवाला "कानाचं औषध" म्हटलं की एक बाटली काढून देतो. शेजारीण तिच्या नातवाची उरलेली बाटली देते. पडद्याला भोक असताना काही थेंब, जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले, आतल्या कानापर्यंत उतरून नसेलाच इजा करू शकतात. म्हणजे पू थांबवायला जावं आणि चांगली नस गमावून बसावं. आमच्या दमट हवेत आणखी एक भानगड: अँटिबायोटिकचे थेंब महिनोन्‌महिने घालत राहिलं की कानात बुरशी धरते. प्रचंड खाज, दडा बसल्याची भावना, आत पांढरा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. तिला वेगळं औषध लागतं, जुन्याच थेंबांनी ती फोफावते. पुवाचा कान असो की बुरशीचा, बाहेरून दोन्ही "वाहतच" असतात. आत बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

मला सांगितलेली रीत अशी. आधी कापसाची सैल वात करून ती ओली होईतोवर कान टिपायचा, कोरायचा नाही. बाटली मुठीत धरून अंगाच्या उष्णतेला आणायची, कारण गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर आडवं व्हायचं, थेंब सोडायचे, कानाच्या भोकासमोरचा मऊ उंचवटा बोटाने हलकेच दाबत राहायचा, म्हणजे औषध आत सरकतं. पू भरलेल्या कानात वरून थेंब टाकणं म्हणजे औषध पुरात सोडणं. जुनाट कानात पोटातून घेतलेल्या गोळ्यांपेक्षा असे साफ करून घातलेले थेंब जास्त उपयोगी पडतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नहाताना कापसाला व्हॅसलिन चोपडून कानाच्या तोंडाशी बसवायचा आणि नंतर काढून टाकायचा. दिवसभर बोळा ठेवून कान उबवायचा नाही.

ऑपरेशन मी दिवाळीनंतर करून घेतलं, कोल्हापूरला. कान काही आठवडे कोरडा राहिलेला बरा असतो आणि आमच्याकडे तो त्याच सुमारास राहतो. कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला जो स्नायू असतो त्यावरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा करतात. कानामागे टाके येतात, ते केसांत लपतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुलश्टाइन आणि त्सोलनर यांनी हे शास्त्र रुळवलं. म्हणजे आजी माझ्या कानात लसणीचं तेल सोडत होती तेव्हा हा उपाय तिशी ओलांडून गेला होता. तो शिरोड्यापर्यंत पोचला नव्हता. आजही आमच्याकडे कितीतरी घरांत तो पोचलेला नाही, आणि माझी चिडचिड होते ती यावर.

ऑपरेशननंतर कानात विरघळणारा स्पंज असतो, त्यामुळे सुरुवातीला आधीपेक्षाही कमी ऐकू येतं. हे आधी सांगितलं नसतं तर मी घाबरले असते. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, कानात पाण्याचा थेंब नाही, जड उचलायचं नाही. घागर, सिलिंडर, सगळं नवऱ्याने केलं. सगळ्यांचा पडदा जुळतोच असं नाही, बहुतेकांचा जुळतो. माझा जुळला. पूर्ववत ऐकू येतं असं म्हणणार नाही, पण नंतरच्या तपासणीत मधला फरक पुष्कळ भरून आला होता. मला तो कागदाआधीच कळला. माजघरात भाजी निवडत होते आणि स्वयंपाकघरातून फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू आली, उजवीकडून. उजवीकडून, म्हणजे कुठून ते कळलं!

ऑपरेशन सगळ्यांनाच झेपतं असं नाही, सगळ्यांना लागतही नाही. वय झालेलं असेल, दुसरा आजार असेल, तर कान कोरडा ठेवणं आणि श्रवणयंत्र ही वाट आहे. पण वाहत्या कानात यंत्राचा साचा बसवला तर कान कोंडून अजून वाहतो, म्हणून आधी वाहणं आटोक्यात आणावं लागतं. नाहीच आलं, तर कानामागच्या हाडातून आवाज पोचवणारी यंत्रं असतात, त्याबद्दल विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून कमी ऐकू येणाऱ्यांच्या कामाला वाहिलेली आहे. आमच्या भागातून तिथे जाऊन यंत्र बसवून आलेल्या एका मावशींना आता नातवंडांचा फोन घेता येतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल, आई, सासरे, बोटीवर जाणारा भाऊ, तर जवळच्या मोठ्या गावात कान-नाक-घशाचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते आधी फोन करून विचारा. सगळीकडे ते रोज नसतात. जाण्याआधी दोन दिवस कानात काहीही घालू नका, तेल तर नकोच, म्हणजे पडदा नीट दिसतो. आजवर वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत टाका. विचारायला दोन प्रश्न पुरेत: भोक कुठल्या भागात आहे, आणि ऐकण्याची तपासणी आज होईल का.